चिपाडांचा रस्ता

आमच्या दारासमोर दगडी फरशी आली, त्या दिवशी आमच्या घरी गूळ वाटला गेला. वाटणारे माझे थोरले दीर. बीडहून अव्वल तालुकदार, म्हणजे निजाम सरकारचा जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा साहेब, गेवराईला यायचा होता. त्याची बग्गी काळ्या मातीत रुतू नये म्हणून वेशीपासून कचेरीपर्यंत फरशी टाकायचं ठरलं. रस्ता मारुतीच्या अंगानंही नेता आला असता. पण थोरल्यांनी कचेरीत खेटे घातले, आपली बैलं जुंपली, आपली माणसं राबवली आणि तो आमच्या दारावरून वळवून घेतला. साहेब आला, बग्गीतून एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं, आणि गेला. फरशी तेवढी आमच्या गळ्यात राहिली.

खोटं कशाला बोलू, चिखलाचा जाच होताच. पावसाळ्यात पाण्याची घागर घेऊन येताना पोटरीपर्यंत पाय रुतायचे आणि बायका एकमेकींना ओढून काढायच्या. पण त्या मातीला एक गुण होता. तिच्यावरून गाडी गेली तर कळायचीसुद्धा नाही. बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकली की समजायचं, कोणीतरी चाललंय.

फरशीवर मात्र वेगळंच प्रकरण. गाडीच्या चाकाला लोखंडाची पट्टी असते, तिला धाव म्हणतात. मातीत त्या धावेला तोंड नव्हतं, दगडावर तिला तोंड फुटलं. वर बैल दगडावर घसरायला लागले म्हणून सगळ्यांनी त्यांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारून घेतल्या. म्हणजे खालून लोखंड, बाजूनं लोखंड, आणि मधे आमचं घर! म्हैस पान्हा चोरायला लागली. बोललेलं ऐकू येईना म्हणून ओरडून बोलायचं, आणि ओरडलं की वर पुन्हा ऐकायचं, धाकटी सून तोंड वर करून बोलती. बाजाराच्या दिवशी उमापूरच्या गाड्यांची रांग लागायची. तेव्हा तर चुलीवरची झाकणीसुद्धा थरथरायची. थोरले ओसरीवर बसून कौतुकानं सांगायचे, "आयकता का? सरकारी रस्ता बोलतोय." मी आत भाकरी थापताना म्हणायची, मुका असता तर बरं झालं असतं.

आता आक्काचं सांगते. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, थोरल्यांची बायको. मी या घरात आले तेव्हा मला नीट नेसता येत नव्हतं. सासू नव्हती. आक्कानंच माझी वेणी घातली, आक्कानंच मला भाकरी शिकवली, आणि मी माहेरच्या आठवणीनं रडायला लागले की तीच म्हणायची, "रड, रड. पन चुलीपाशी रड, जाळ बी लागंल न् धुरावर बी जाईल." असली बाई. मला आई होती, पण ती चार कोसांवर. ही हाताशी होती. माझी खरी आई कोण, असं कोणी विचारलं तर मी आजही लगेच उत्तर देणार नाही.

बैलांच्या पत्र्यांचे खिळे त्या फरशीवर गळून पडायचे. सुगीचे दिवस होते, ज्वारी-कापसाच्या गाड्या सकाळपासून वाहत होत्या. आक्का दार झाडायला बाहेर गेली आणि तिच्या टाचेत असा एक खिळा घुसला. तिनं तो उपटला, टाचेत हळद भरली, आणि झाडायचं राहिलेलं अंगण झाडून मगच आत आली. त्यानंतर काही दिवसांनी जेवायला बसलो तर ती म्हणाली, "का कुनास ठाऊक, तोंड उघडंना." मी हसले. म्हटलं, "बरंय, तेवढंच घर गप ऱ्हाईल." तीही हसायला गेली, आणि तिचं हसू तसंच्या तसं तोंडावर थिजलं. मग मान मागं गेली, पाठ जमिनीवरून उचलली, आणि माझी एवढी थोराड जाऊ टाचा आणि डोकं टेकवून मधे कमानीसारखी ताठ झाली.

गावात एक म्हातारे हकीम होते. ते आले, पाहिलं, टाचेचा घाव हुंगला आणि थोरल्यांना बाहेर घेऊन गेले. मी दाराआड उभी होते. ते म्हणाले, "धनुर्वात हाय. खोलीत अंधार ठेवा. दुधाचा बोळा दातांच्या फटीतनं पिळा. आन् सगळ्यात म्हत्त्वाचं, आवाज नको. भांडं पडलं तरी झटका येईल. झटका लांबला तर दम कोंडेल, आन् मंग खेळ खलास."

मग मीच दाराआडून विचारलं, "आन् आवाज नसंल तर?"

हकीमसाहेबांनी दाराकडं पाहिलं. "तर अल्ला मालिक, बेटी. वाचतात काही."

वाचतात काही! मी ते दोन शब्द पदराला गाठ मारून घेतले. काही वाचतात म्हणजे आमचीही वाचू शकते. मग आवाज बंद करायचा. एवढं साधं होतं सगळं.

घरातला आवाज बंद करायला कितीसा वेळ लागतो? भांड्यांच्या मधे चिंध्या घातल्या. दळण शेजारी नेलं. दाराच्या बिजागऱ्यांत तेल सोडलं. म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली. आमचे हे, म्हणजे माझे मालक, लई मोठ्यानं खोकायचे, ते खोकला आला की परसात पळायला लागले. घर असं गप झालं की मुंगी चालली तर ऐकू यावी. पण फरशीचं काय करता? वेशीतून गाडी आत शिरली की तिकडंच आवाज सुरू व्हायचा, आणि इकडं आक्काच्या टाचा अंथरुणात रुतायला लागायच्या. गाडी आमच्या दारापर्यंत यायच्या आधीच तिची कमान झालेली असायची. मी तिचा हात धरून बसायची. तिची शुद्ध शाबूत होती, हेच वाईट. डोळे उघडे, सगळं कळतंय, आणि पुढची गाडी येतेय हेही ऐकू येतंय.

तुम्ही म्हणाल, तिला दुसरीकडं का नेलं नाही? न्यायचं कशातून? गाडीतून, त्याच दगडांवरून? हकीमसाहेबांनी तर खाटसुद्धा हलवू नका म्हणून बजावलं होतं. तरी आम्ही तिला उचलून मागच्या खोलीत ठेवून पाहिलं. फरशीचा आवाज भिंतीतून तिथंही आला, आणि उचलताना जो झटका आला तो वेगळाच.

"रस्ता बंद करा," मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी ते थोरल्यांना सांगितलं. थोरले पागोटं घालून कचेरीत गेले आणि थोड्या वेळानं मान खाली घालून परत आले. सुगीत रस्ता बंद होणार नाही, असा जबाब मिळाला होता. वर कोणीतरी हसून म्हणालं होतं, "पाटील, फरशी तुमीच मागून घेतली ना?" थोरले ओसरीवर बसले. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "नशीब."

आमच्यात धाकटी सून थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही. डोक्यावरून पदर, नजर खाली, आणि काही सांगायचंच झालं तर नवऱ्याच्या किंवा मुलांच्या तोंडून. मी त्या दिवशी ओसरीवर गेले, त्यांच्या समोर उभी राहिले, आणि पदर डोक्यावर होता की नव्हता हे मला आठवतही नाही.

"नशीब न्हाई ते," मी म्हटलं. "फरशी हाय. नशिबाला हात लावता येत न्हाई. फरशीवर माती टाकता येती."

थोरल्यांनी माझ्याकडं पाहिलं, असं पाहिलं की जसं काही घरातलं उखळ बोललं. मला वाटलं, आता हे मला माहेरी धाडणार. धाडा म्हटलं, पण रस्ता गप करून मग जाईन. ते रागावले नाहीत. घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "सरकारी फरशी हाय, पोरी. ती झाकली तर कचेरीतनं मानसं येत्याल."

"येऊ द्या. मी हाय दारात."

आणि मी कामाला लागले. काय टाकायचं हे मला कुठं ठाऊक होतं! पहिल्यांदा कडबा टाकला. मऊ असतो, आवाज दाबेल असं वाटलं. आवाज दाबला खरा, पण पहिलीच गाडी आली आणि बैल आमच्या दारात थांबून आरामात कडबा खायला लागले. मागची गाडी थांबली, तिचेही बैल जेवायला बसले. गाडीवान हुर्र हुर्र करून चाबूक वाजवतोय, मागचा त्याला शिव्या देतोय, आणि मी दारातून दोन्ही हात जोडून ओरडू नका म्हणून खुणा करतेय. आमच्या दारात बैलांची पंगत बसली होती, नुसती पंगत! आक्काला त्या दिवशी सगळ्यांत वाईट झटका आला. मी रात्रीपर्यंत जेवले नाही.

मग गोदेची वाळू आणवली. मालकांनी दोन खेपा टाकल्या. वाळूनं खडखड थांबली आणि करकर सुरू झाली. दगड आणि लोखंडाच्या मधे वाळू भरडली जायची. तो आवाज ऐकून तर माझेच दात आंबायचे. वाळू झाडून काढली. शेजारीण भिंतीवरून बघत होती, ती म्हणाली, "अगं, मरनाराला कशाला त्रास देती?" मी म्हटलं, "मरनारं कोन हाय इथं? तुझ्याकडं असंल तर बघ." ती पुन्हा भिंतीवर आली नाही.

चिपाडं सुचली ती आमच्या मळ्यातल्या गुऱ्हाळावर. मी आक्कासाठी ताजा रस आणायला गेले होते, बोळ्यानं पाजायला. तिथं चरकातून पिळून काढलेली उसाची चिपाडं पसरलेली होती, आणि माझ्या मागून उसानं भरलेली गाडी आली तरी मला समजली नाही. बैलाचा श्वास मानेवर आला तेव्हा मी उडी मारली. खाली पाहिलं. चाकं चिपाडांवर होती. मी तिथं नाचायचीच काय ती राहिले.

गुऱ्हाळावरचा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, आडवा आला. चिपाडं वाळवून काहिलीखाली, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईखाली, जाळायची असतात, तेच त्याचं सरपण. तो म्हणाला, "वयनी, चिपाडं नेली तर काहिलीखाली काय घालू?"

"माजं डोकं घाल," मी म्हटलं. "तापलेलंच हाय."

तो हसला, आणि गाडी भरू लागला. वर म्हणाला, "नुसती टाकू नगा. बैलं गोड वासानं खात्याल. शेणाचं पानी मारा. शेणाला बैल तोंड लावीत न्हाई." कडब्याच्या पंगतीची बातमी मळ्यापर्यंत पोचलेली होती तर.

त्या दुपारी मी पदर खोचून रस्त्यावर उतरले. मालक, शेतातल्या दोन बायका आणि मी. चिपाडांचा जाड थर, वर शेणाचा पातळ काला, त्यावर टेकडीवरचा मऊ मुरूम, पुन्हा चिपाडं, पुन्हा काला. आमच्या घराच्या अलीकडं चार घरांपासून पलीकडं चार घरांपर्यंत. मग पुढं वेशीपर्यंत. पाटलाच्या घरची सून भर रस्त्यात ढोपरभर शेणात बसलीय म्हणून लोक गोळा झाले. एक म्हातारा म्हणाला, "लाज हाय का न्हाई?" मी वर न बघता म्हटलं, "हाय की. घरात ठिवून आलेय. हात रिकामे असले तर पाटी उचला." आणि खरं सांगते, त्यानं पाटी उचलली. गावाला तुम्ही नुसतं बघत ठेवलं की ते बोलत राहतं, हाताला काम दिलं की मुकाट्यानं करतं. थोरले कधी येऊन पाटी उचलायला लागले हे मला कळलंच नाही. आपणच आणलेल्या फरशीवर ते आपल्या हातानं शेण सारवत होते.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी आली तेव्हा मी आक्काच्या उशाशी होते. घुंगरं ऐकू आली, आस थोडा कुरकुरला, बस. मी तिच्या टाचांकडं बघत होते. टाचा हलल्या नाहीत. गाडी दारावरून गेली. टाचा हलल्या नाहीत! आक्कानं माझ्याकडं डोळे फिरवले आणि पापण्या मिटल्या, अगदी सावकाश. कित्येक दिवसांनी ती झोपली. मी बाहेर आले, त्या शेणाच्या रस्त्यावर बसले, आणि रडले की हसले ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

पण कचेरीला डोळे असतातच. लगेच एक चपराशी आला, बरोबर फावडीवाले दोन गडी. काठी आपटून म्हणाला, "किसने ये कचरा डाला? सरकारी फरशी है. निकालो." गड्यांनी फावडी दगडावर घासली मात्र, आत आक्काची कमान झाली. मला ते न बघताच कळलं. मी धावत गेले आणि फावड्यावर पाय देऊन उभी राहिले. माझ्या अंगठ्याला फावड्याचं पातं लागलं, तो वण अजून आहे.

"काढा," मी म्हटलं. "पन आदी हिकडं या."

मी त्या परक्या माणसाचा दंड धरला. हो, धरला. भर दिवसा, सगळ्या गल्लीसमोर. थोरले ओसरीवर उभे राहिले, पण मधे आले नाहीत. मी त्याला दारापर्यंत ओढत नेलं आणि आतल्या अंधाराकडं बोट केलं. आमच्या घरातल्या बाईवर परक्या पुरुषाची नजर पडायला नको, हे मला ठाऊक नव्हतं का? सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "बगा. हे तुमच्या फावड्यानं केलं. आता तुमीच सांगा, काढू का ऱ्हाऊ द्यू?"

त्यानं पाहिलं. आक्काची पाठ अजून उचललेली होती आणि तोंडावर ते थिजलेलं हसू होतं. त्यानं पायातले जोडे काढून हातात घेतले. का काढले, त्यालाच ठाऊक. अनवाणीच तो रस्त्यावर गेला, गड्यांच्या हातांतली फावडी घेऊन हळूच चिपाडांवर ठेवली, आणि मला म्हणाला, "मैं इधर आयाच नहीं." त्यानंतर तो रोज आमच्या दारावरून जाताना जोडे हातात घेऊन जायचा आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, मी इकडं येतच नाही.

राहता राहिली घुंगरं. चाकं गप झाली तशी घुंगरं जास्तच कानात भरायला लागली. बारीक आवाज, पण आक्काचे हात त्यानंही आखडायचे. मी वेशीत उभी राहून गाडीवानांना विनवू लागले, घुंगरं काढा. एकजण काढायला तयार होईना. उमापूरचा एक म्हातारा गाडीवान तर दोन पावलं मागं सरकला. "बाई, घुंगरं काढलेली गाडी म्हंजे मयताची गाडी. मानूस मेलं तरच बैलांचा गळा उतरवत्यात. मी बाजाराचं धान भरलंय, माज्या धानाला सुतक लावू का?"

"मंग घुंगरं ऱ्हाऊ द्या. त्यांची तोंडं बांधा."

आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. त्यानं मागच्या कापसाच्या गाडीतून मूठभर कापूस ओढला आणि एकेका घुंगरात कोंबला. गळ्यात घुंगरं तशीच, पण मुकी. त्याचा धर्म राहिला आणि माझं काम झालं. मागच्या गाड्यांनी त्याचं बघून तेच केलं. वेशीत शिरताना कापूस कोंबायचा, पलीकडं निघाल्यावर काढायचा, असा रिवाजच पडून गेला.

बाजाराच्या दिवशी गाड्यांची अख्खी रांग आमच्या दारावरून गेली आणि आम्हाला पत्ता नाही. आक्काचे झटके कमी होत गेले. पाठ टेकली. हात सैल पडले. पण जबडा? जबडा सुटायलाच तयार नाही. बोळ्यानं दूध पिळून पिळून ती निम्मी झाली होती. हकीमसाहेब म्हणाले, "झटक्यातनं निघाली. आता तोंड उघडलं पायजे. पोटात अन्न गेलं न्हाई तर असंच विझंल." मी रोज तिच्या ओठांपाशी घास न्यायची, ती प्रयत्न करायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि मान वळवायची. तिचीच जिद्द सुटत चालली होती. त्याची मला झटक्यांपेक्षा जास्त भीती वाटायची.

अशात एका सकाळी दारात पाचसहा बायका येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर ओढलेले, कमरेवर पाट्या, पाट्यांवर फडकी. पुढं आक्काची सख्खी मावशी. तिला उमापुरात दिलेली. ती उंबऱ्यात आली, कपाळावर हात मारला आणि गळा काढायला तोंड उघडलं.

मी झेप घेतली. तिच्या तोंडावर हात दाबला, इतका जोरात की ती मागच्या बायकांवर आदळली. "गप! जिती हाय ती!"

मावशीचे डोळे पांढरे व्हायचेच बाकी होते. मग कळलं ते सगळं. मुक्या गाड्या आमच्या दारावरून जाताना बाजारच्या लोकांनी लांबून पाहिल्या होत्या, घुंगरांतला कापूस त्यांना काय दिसणार? मुकी गाडी म्हणजे मयताची गाडी. उमापुरात बातमी गेली की पाटलाची थोरली गेली आणि गावानं तिच्यासाठी सगळ्या बैलांचे गळे उतरवले. मग मावशी शेजारपाजारच्या बायका घेऊन निघाली, कडू घास घेऊन. ज्या घरात मयत झालं तिथं चूल पेटत नाही, म्हणून सोयरे भाकरी-पिठलं करून आणतात, त्याला कडू घास म्हणतात.

आता आली का पंचाईत! मावशी पाटी धरून दारातच अडकलेली. कडू घास परत नेला तर तो तिच्या घराला लागतो. आमच्या घरात ठेवला तर आम्हाला. जितं माणूस असताना त्याच्या नावाचा घास, याच्याहून मोठा अपशकुन कुठला? बायका एकमेकींच्या कानात कुजबुजायला लागल्या. थोरले ओसरीवरून म्हणाले, "गोदंत सोडा. कुणी हात लावू नगा." ह्यांनी पाटी उचलायला हात पुढं केला, पण माझ्याकडं बघून मागं घेतला.

माझ्या डोक्यात तिडीक उठली. अंधाऱ्या खोलीत माझं माणूस मोजून मोजून श्वास घेतंय, मी तिच्यासाठी शेणात बसले, दिरासमोर बोलले, परक्याचा दंड धरला, आणि ह्या बायका तिला जेवणासकट पोचवायला आल्यात! मी फडकं उचललं. आत भाकरी-पिठलं. लसणाचा वास खोलीभर गेला.

आतून आवाज आला. दातांच्या फटीतून, जड, पण आवाज.

"काय आनलंय?"

कितीतरी दिवसांत ती एक शब्द बोलली नव्हती. मी पाटी घेऊन आत गेले. मावशी मागून धावली, माझा हात धरला. "पोरी, काय करती? तिच्या मरनाचं हाय ते! तिच्या नावाचं!"

"तिच्याच नावाचं हाय ना?" मी म्हटलं. "मंग तिनंच खायाचं."

मी भाकरीचा पापुद्रा पिठल्यात बुडवून मऊ केला आणि आक्काच्या ओठांपाशी नेला. ती सगळं ऐकत होती. मावशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत ती जुनी चीड आली, मी विसरलेच होते ती. तिनं जोर लावला. गालाची शीर टरारून फुगली. दात एकमेकांपासून सुटले, माझं बोट जाईल एवढेच, पण सुटले. मी घास आत सारला. ती चावायला लागली, एकेक चावा घेताना कपाळावर घाम फुटत होता. मावशी उंबऱ्यात मटकन बसली होती. आक्कानं गिळलं, दम घेतला, मावशीकडं वळून म्हणाली, "मीठ कमी हाय," आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.